बाबांचं पिस्तूल कोणाच्या नावावर?

दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका शेतकऱ्याचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा: बाबा ७९ वर्षांचे, निवृत्त वकील. तरुणपणी नागपूरला राहून नेमबाजी करायचे. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांनी एका ज्येष्ठ नेमबाजाचं 'हॅमर्ली २०८' हे .२२ चं (नळीचा व्यास .२२ इंच) स्विस टार्गेट पिस्तूल रीतसर परवान्यावर विकत घेतलं. स्पर्धा सुटल्या तरी दर रविवारी बाजेवर वर्तमानपत्र पसरून, खोबरेल तेल लावून ते पुसायचं हा नेम कधी चुकला नाही. अलीकडे हात थरथरतो, विसरायलाही होतं. दिवाळीआधी एकदा पिस्तूल बाजेवर तसंच ठेवून बाबा आंघोळीला गेले आणि शेजारचा लहान मुलगा ओसरीवर खेळत होता. त्या रात्री पत्रलेखकाने कोणाला न सांगता पिस्तूल आणि काडतुसांचा डबा शेतातल्या कोठ्यात, लोखंडी पेटीत नेऊन ठेवला. बाबांना ते कळलं. "माह्या वस्तूले हात लावाच्या आंधी मले इचाराले पायजे होतं," एवढंच बोलले, तेव्हापासून अबोला आहे. पुण्याचा भाऊ म्हणतो, विकून टाक, लाखांत जाईल. आई म्हणते, विहिरीत टाका. अमरावतीला शिकणारी पंधरा वर्षांची मुलगी एअर पिस्तूल शिकते आहे. ती म्हणते, आबाजींचं पिस्तूल मला हवं. पत्रलेखक विचारतात: विकू, ठेवू की बाबांची आठवण म्हणून माझ्या नावावर करून घेऊ? तोवर ते गंजू नये म्हणून काय करू? शेतात डुकरं हाकलायला कामी येईल का? आणि पत्र संपताना लिहितात, "यंदा सोयाबीन हातचं गेलं, बाबाही बोलत नाहीत, कशातच जीव लागत नाही."

भाऊ,

विकायचं की ठेवायचं हे ठरवायला वेळ आहे. ते पिस्तूल कोठ्यातून काढायला मात्र वेळ नाही. तिथूनच सुरुवात करते.

परवाना माणसाला मिळतो, घराला नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार ते पिस्तूल बाबांच्या ताब्यात असणं कायदेशीर आहे. त्यांच्या नकळत ते तुमच्या पेटीत, तुमच्या कुलपात असणं म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद, शिवाय दंड, अशी शिक्षा आहे. तुम्ही हे एका लेकराच्या काळजीने केलंत, हे पत्राच्या ओळीओळीतून दिसतं. पण मोटारपंपाची केबल कापून नेणारे चोर तुमच्या शिवारातही फिरत असतील. उद्या केबलीसोबत ती पेटी गेली तर पोलिसांना काय सांगाल? आणि ते पिस्तूल पुढे कोणाच्या हाती पडेल?

मग परत घरात आणून ठेवायचं का? तेही नको. आज संध्याकाळी बाबांजवळ बसा आणि सरळ सांगा की मी घाबरलो होतो, तुम्हाला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. मग त्यांना सोबत घेऊनच ते शस्त्र सुरक्षित ठेवीत जमा करा. पोलीस ठाण्यात करता येतं, तसंच ज्याच्या परवान्यात ठेवीची मुभा आहे अशा शस्त्रविक्रेत्याकडेही करता येतं. मला विचाराल तर नागपूरचा विक्रेता बरा. ठाण्याच्या मालखान्यात शस्त्र गाठोड्यात चिठ्ठी बांधून पडून राहतं. विक्रेत्याकडे त्याची तपासणी आणि दुरुस्तीही होऊ शकते. बाबांना प्रवास झेपत नसेल तर परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्या व्यक्तीला दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी शस्त्र नेता येतं, अशी सोय कायद्यातच आहे. मात्र अधिकारपत्रावर सही बाबांची हवी, आणि ती त्यांनी राजीखुशीने केलेली हवी.

शस्त्र सध्या घराबाहेर असावं असं मी म्हणते, त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. कशातच जीव लागत नाही, असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. मला ते जाता जाता वाचता आलं नाही. यवतमाळ जिल्ह्यात पीक बुडालेल्या वर्षी माणसाच्या मनावर काय येतं ते तुम्ही गावात पाहिलं असेल. अशा दिवसांत घरात हाताशी शस्त्र नसावं, काडतूसही नसावं. हा तुमच्यावरचा अविश्वास नाही. हाच सल्ला मी कोणत्याही घराला देईन. झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नकोसं वाटतं का, हे जवळच्या एका तरी माणसाशी मोकळेपणाने बोला. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. पिस्तुलाचं काहीही होवो, हा फोन आधी करा.

आता बाबांकडे येऊ. तुम्ही दोन गोष्टी एका दमात लिहिल्या आहेत: हात थरथरतो आणि विसरायला होतं. घरातल्यांना भीती वाटते ती थरथरीची, कारण ती डोळ्यांना दिसते. पण रिकामं पिस्तूल पुसताना हात थरथरला म्हणून कोणाला इजा होत नाही. पिस्तूल रिकामं आहे की नाही हेच विसरलं, तर होते. म्हणून काळजी विसरण्याची करा. सेवाग्राम किंवा सावंगी मेघेला एकदा मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. थरथरीची कारणं वेगवेगळी असतात, काहींवर औषधाचा चांगला गुण येतो. विसरण्यामागेही कधी थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरता निघते. "म्हातारपण आहे, चालायचंच" हे डॉक्टरांनी म्हणू दे, आपण म्हणायला नको.

आणि त्यांच्या त्या एका वाक्याकडे पुन्हा बघा. पिस्तूल माझ्याजवळच राहू दे, असं ते म्हणाले नाहीत. विचारायला हवं होतं, असं म्हणाले. तुम्ही गृहीत धरलंत की बाबा ते सोडायला तयारच होणार नाहीत. विचारून पाहिलंत का? ज्या माणसाने चाळीस वर्षं परवान्याचं एकही नूतनीकरण चुकू दिलं नाही, त्याला त्या वस्तूची जबाबदारी तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळते. तिचा पुढचा धनी कोण, हे ठरवण्याचा मान त्यांचा आहे. नेमका तोच त्या रात्री त्यांच्या हातून गेला.

कायदाही त्यांना तो मान देतो. शस्त्र नियम, २०१६ मध्ये तरतूद आहे की परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं असलं, की तो हयातीतच आपला एखादा वारस सुचवू शकतो आणि परवाना अधिकारी त्या वारसाला परवाना देऊ शकतो. तुमच्या बाबांच्या बाबतीत दोन्ही अटी केव्हाच पूर्ण झाल्या आहेत. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत द्यायचा. पोलीस पडताळणी होते. डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, असे कागद लागतात. भावाचं ना-हरकत पत्र आत्ताच घेऊन ठेवा, पुढे वाद नको. अर्जाआधी बाबांच्या परवान्यावर यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदीतला क्रमांक, चढला आहे का ते पाहा. बऱ्याच जुन्या परवान्यांचं घोडं इथेच अडतं. ज्यांच्या घरी वडिलांच्या निधनानंतर कपाटात बंदूक सापडली आहे, त्यांनाही हेच सांगते: परवानाधारक गेला की ते शस्त्र विनाविलंब जमा करायचं, पावती घ्यायची आणि मग वारस म्हणून अर्ज करायचा. तेराव्यानंतर बघू, दिवाळीनंतर बघू, असं करू नका.

पण भाऊ, नावावर घ्यायचं ते कशासाठी, याचं उत्तर आधी स्वतःला द्या. बाबांची आठवण म्हणून, असं तुम्ही लिहिलंत. आठवणीसाठी त्यांची पदकं आहेत, गुण लिहिलेले जुने टार्गेटचे कागद आहेत, आणि मुख्य म्हणजे बाबा स्वतः आहेत. पिस्तुलाचा परवाना म्हणजे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, प्रत्येक निवडणुकीत चौकशी, आणि शेतावर मुक्कामाला गेलात तरी घरच्या कुलपाची काळजी. हे ओझं तुमच्यासारख्या कोरडवाहू शेतकऱ्याने नुसत्या आठवणीपोटी उचलावं असं मला वाटत नाही. तुम्हाला रेंजवर जाऊन नेम धरायला शिकायचं असेल, तर मात्र जरूर घ्या. शिकवणारा माणूस घरातच आहे. माझं मत विचाराल तर आत्ता विकू नका. बाबांच्या संमतीने अर्ज करा. परवाना मिळाल्यावर वर्षभरात तुमचं पाऊल एकदाही रेंजवर पडलं नाही, तर मनाशी न झगडता विकून टाका.

भावाचा लाखांचा हिशेब अगदीच हवेतला नाही. सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करणं गेली कित्येक वर्षं जवळपास अशक्य आहे, म्हणून देशात आधीच असलेल्या चांगल्या शस्त्रांना भाव येतो. पण गिऱ्हाईक मोजकंच: ज्याच्याकडे परवाना आहे आणि ज्याला टार्गेट पिस्तूलच हवं आहे असा माणूस. विक्री परवानाधारक विक्रेत्यामार्फतच करा. ओळखीतल्या कोणाला परस्पर देऊन "कागद मागाहून करू" हे अजिबात नको. आणि आईंना सांगा, विहिरीत टाकल्याने शस्त्र नोंदीतून जात नाही. जाब बाबांनाच द्यावा लागेल.

तुमच्या लेकीचं ऐकून मला मनापासून आनंद झाला. पण तिला या पिस्तुलाची आज गरज नाही. ती शिकते ती १० मीटर एअर पिस्तूल स्पर्धा. मनू भाकरने २०२४ साली पॅरिसला दोन कांस्यपदकं मिळवली त्यांतलं एक याच प्रकारातलं, दुसरं त्याच्या मिश्र सांघिक प्रकारातलं. त्यात .१७७ चे छर्रे वापरतात आणि ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम दाब लागतो. .२२ पिस्तुलाची स्पर्धा २५ मीटरवर होते, तिथे किमान १००० ग्रॅम. दोन्हींचा सराव एकमेकांना पूरक आहे, पण .२२ ची पायरी पुढची. शिवाय २१ वर्षं पूर्ण होईपर्यंत तिला स्वतःच्या नावावर परवाना मिळणार नाही. नियमांच्या चौकटीत, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली रेंजवर सराव करता येतो.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरून कळत नाही. टार्गेट पिस्तुलाची अक्रोडी मूठ एका विशिष्ट हाताला बसेल अशी घडवलेली असते. बाबांनी ती कानशीने घासून, कुठे पुट्टी भरून आपल्या तळव्याला बसवली असेल. अंगठ्याची खोबण, तळव्याखालचा तो वरखाली सरकणारा आधार, सगळं त्यांच्या मापाचं. पंधरा वर्षांच्या मुलीचा हात त्यात सैल पडणार, आणि मूठ सैल असली की प्रत्येक गोळीला पकड बदलते. लेकीसाठी म्हणून ती मूठ आत्ताच घासायला घेऊ नका. वेळ येईल तेव्हा तिच्या मापाची वेगळी बसवता येईल.

डुकरांचं थोडक्यात सांगते: नाही. रानडुकराने केलेली नासाडी खरी आहे, पण वन खात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि .२२ ची गोळी त्याला ठार न करता फक्त जखमी करेल. जखमी डुक्कर बांधावरच्या मजुरावर येतं. नुकसानभरपाईचा अर्ज वन खात्याकडे करा. नुसतं हाकलायला म्हणून हवेत बारही काढायचा नाही.

आता देखभाल. हे सगळं परवाना ज्याच्या नावावर आहे त्याच्यासमोर करायचं, आणि घरात त्या वेळी लहान मूल नसावं.

पहिली सवय रिकामं करण्याची. आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा खण, काढायचं, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे ओढायची, मग नळीच्या मागच्या तोंडात डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळीने चाचपायचं. हा क्रम उलटा झाला, म्हणजे स्लाइड आधी ओढली आणि मॅगझिन नंतर काढलं, तर एक काडतूस नळीत चढून बसतं आणि माणूस समजतो की पिस्तूल रिकामं आहे. बाबांसोबत बसाल तेव्हा हे मोठ्याने बोलत करा: "मॅगझिन काढलं, नळी रिकामी." त्यांनाही आधार होईल आणि विसरण्याचा धोकाही टळेल.

खोबरेल आता बंद करा. बाबांना वाईट वाटेल, पण कारण सांगितलं की पटेल. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास जातो. शिवाय वर्षानुवर्षं थरावर थर बसून ते पिवळसर, चिकट होतं आणि त्यात धूळ धरते. स्लाइडच्या खाचांमध्ये नखाने खरवडून पाहा, मेणासारखं काहीतरी निघेल. ते रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने किंवा जुन्या टूथब्रशने काढा, पूर्ण कोरडं करा आणि बंदुकीसाठी मिळणाऱ्या खनिज तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. शिलाई मशीनचं तेल अडीनडीला चालतं, पण पावसाळाभर गंजापासून राखण करायला ते पुरत नाही. तेल जास्त झालं तरी नुकसानच, ते ओघळून लाकडी मुठीत मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. मुठीला वेगळं तेल हवं: जवसाचं, दोन थेंब, तळहाताने चोळून. चोळलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, उन्हात पसरून वाळवा. जवसाच्या तेलाची चिंधी गुंडाळलेली राहिली तर आपोआप तापून पेटू शकते.

नळीचं काम कमीत कमी. एनसीसीत .२२ रायफल हाताळलेल्यांना पुलथ्रू आठवत असेल, दोरीला चिंधी लावून नळीतून ओढायचा. तोच वापरा, मागून पुढे, एकाच दिशेने. समोरच्या तोंडातून लोखंडी सळई घालून घासू नका. नळीचं तोंड एका बाजूने जरी झिजलं तरी नेम जातो, आणि ती झीज भरून निघत नाही.

या पिस्तुलात मागे येणाऱ्या स्लाइडचा धक्का झेलायला एक छोटा बफर असतो. तो वापर न होताही वयाने कडक होतो, तडकतो. तो फुटलेला असताना गोळ्या झाडल्या तर धातूवर धातू आपटून सांगाड्यालाच तडा जाऊ शकतो. म्हणून रेंजवर नेण्याआधी बफर आणि स्प्रिंगा विक्रेत्याकडच्या कारागिराला दाखवा. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे किंवा लेथवर नेऊ नका. शस्त्र दुरुस्त करायलाही परवाना लागतो. तिथेच कोणी "नवं कोरं करून देतो" म्हणत पॉलिश सुचवेल. नको म्हणा. जुना निळसर-काळा मुलामा विरळ झाला तरी तोच राहू द्यावा. पॉलिशने किंमत उतरते, आणि घासताना क्रमांक पुसट झाला तर तो वेगळा गुन्हा. रिकाम्या नळीवर ट्रिगर ओढून सरावही करू नका. .२२ मध्ये फायरिंग पिन नळीच्या कडेवर आपटते आणि कड ठेचली जाते. डमी राउंड, म्हणजे सरावाची खोटी काडतुसं, मिळतात, ती वापरा.

डब्यातली जुनी काडतुसं मोजून, परवान्याच्या नोंदीशी ताडून विक्रेत्याकडे जमा करा. शेतात पुरू नका, चुलीजवळ ठेवू नका, "चालतात का बघू" म्हणून झाडू नका. रेंजवर कधी काडतूस वाजलं नाही तर पिस्तूल टार्गेटकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं. जुनं काडतूस उशिराही पेटतं.

पुढे परवाना तुमच्या नावावर झाला, तर ठेवण्याची जागा म्हणजे भिंतीत किंवा जमिनीत पक्की बसवलेली तिजोरी. पिस्तूल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या; किल्ल्या तुमच्याकडे. मखमली अस्तराची पेटी आणि चामड्याचं म्यान दिसायला छान, पण दोन्ही ओल धरतात, आणि चामड्यातल्या क्षारांनी लोखंडाला खड्डे पडतात. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर दाणे सुकवून पुन्हा वापरता येतात. मृग लागण्याआधी एकदा, पोळ्याच्या सुमारास एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, असं तपासलं की पुरे. मे महिन्यात घामेजल्या हाताने धरलं तर लगेच पुसा, घामाचे ठसे तांबूस होऊन उमटतात. दसऱ्याला पूजा जरूर करा, पण हळदकुंकू आणि ओलं फूल पेटीवर वाहा, पिस्तुलावर नको.

शेवटी निवडणुकीचं. आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. जमा करण्याआधी नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल लावा, सुती कापडाऐवजी तेलकट कागदात गुंडाळा, क्रमांक दिसेल असे फोटो काढा, आणि पावतीवर शस्त्राचा क्रमांक, मॅगझिनची संख्या आणि मुठीची अवस्था लिहून घ्या. परत मिळालं की ठाण्यातच, पावतीवर सही करण्याआधी, ते उजेडात धरून पाहा. नळी पाहायला बाबांना सोबत न्या.